सूत्रकृमींचा अभ्यास आयुष्यभराचे काम म्हणून निवडावा का?

प्रश्न : प्राणिशास्त्र_विद्यार्थिनी, डोंबिवली

नमस्कार.

मी मुंबईतील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेऊन एम.एस्सी. करीत आहे आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मातीतील सूत्रकृमी (नेमाटोड), म्हणजे धाग्यासारखे, बहुधा डोळ्यांना न दिसणारे कृमी, हा विषय निवडला आहे. रस्त्याच्या कडेच्या झाडांची आळी, गृहसंकुलांतील बागा आणि खाडीलगतची पडीक जमीन अशा तीन प्रकारच्या ठिकाणांची माती आणायची, बेअरमन फनेलने (ज्या नरसाळ्यातील पाण्यात कृमी मातीतून खाली उतरतात त्याने) तिच्यातील सूत्रकृमी वेगळे करायचे, मोजायचे आणि निदान कुळापर्यंत ओळखायचे, असे कामाचे स्वरूप आहे. वेगळे करणे आणि मोजणे आता अंगवळणी पडले आहे. ओळखण्याचे काम मात्र फार सावकाश चालते, कारण आमच्या विभागात या गटाचे जाणकार कोणी नाहीत. मार्गदर्शक मॅडमचा स्वतःचा विषय माशांचा आहे. तरीही त्यांनी मला मोकळीक दिली आणि सूक्ष्मदर्शकाची वेळ राखून दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

प्रकल्पासाठी वाचताना न्यूझीलंडचे मृदा-प्राणिशास्त्रज्ञ ग्रेगर यीट्स (१९४४–२०१२) यांचे काम समोर आले. कोणत्या कुळातील आणि कोणत्या प्रजातीतील सूत्रकृमी काय खातो, याची त्यांनी चार सहकाऱ्यांसह १९९३ साली प्रसिद्ध केलेली मांडणी मी जवळजवळ रोज उघडते. वाळूच्या टेकड्या, जंगल, कुरण अशा वेगवेगळ्या जमिनींत एकाच प्राणिगटाचा इतकी वर्षे पाठपुरावा करणारे आयुष्य आपल्यालाही जगता येईल का, असा विचार तेव्हापासून मनात घोळतो आहे.

घरी मात्र काळजी आहे. माझ्या वर्गातील बऱ्याच जणी क्लिनिकल रिसर्च किंवा वैद्यकीय प्रयोगशाळांच्या नोकऱ्यांकडे वळत आहेत. वडिलांनी अगदी शांतपणे विचारले की मातीतील न दिसणारे कृमी मोजणाऱ्या माणसाला पगार कोण देतो, आणि त्यांचा हा प्रश्न मला रास्त वाटतो. म्हणून या क्षेत्रात काम केलेल्यांना विचारते. अशा अभ्यासकाचे काम प्रत्यक्षात कसे असते? पिकांवरील किडीचा भाग सोडून निव्वळ मातीतील प्राणी म्हणून सूत्रकृमींचा अभ्यास करायला आपल्याकडे जागा आहे का? आणि पुढच्या एक-दोन वर्षांत मी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याचे कौशल्य आधी मिळवावे, की डीएनएवर आधारित पद्धती आधी शिकाव्यात?

उत्तर : निवृत्त_कृषी_संशोधक, मुलुंड

मी राज्यातील कृषी संशोधनात सूत्रकृमींवरच काम केले आणि निवृत्तीनंतर मुलुंडला राहतो. तुम्ही यीट्स यांचा उल्लेख केला आहे, तर तिथूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यांच्या कामाच्या क्रमात सापडते.

यीट्स यांचे सुरुवातीचे निबंध समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतील सूत्रकृमींवर होते आणि ते १९६७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. अशा टेकडीवर शेती नसते, त्यामुळे तिथल्या सूत्रकृमीला कीड म्हणण्याचे कारणही नसते. तो कोण आहे, किती आहे, कशावर जगतो आणि ऋतूप्रमाणे त्याची संख्या कशी बदलते, एवढेच विचारायचे असते. त्यानंतर डेन्मार्कमधील बीच वृक्षांच्या जंगलातील सूत्रकृमींचा त्यांचा अभ्यास १९७२ पासून प्रसिद्ध झाला. तिथेही प्रश्न हाच होता, फक्त जमीन निराळी होती. मायदेशी त्यांच्यासमोर आली ती कुरणे. न्यूझीलंडचे दूध, लोकर आणि मांस ही सगळी गवतावर आणि क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्यावर अवलंबून आहेत, म्हणून कुरणाखालच्या मातीत काय चालते हे जाणून घेण्यासाठी तिथल्या शासनाने संशोधकांना पोसले. पगार कोण देतो, या प्रश्नाचे उत्तर हे आहे की ज्या समाजाचे पोट ज्या मातीवर चालते, तो समाज त्या मातीच्या अभ्यासकाला पगार देतो, मात्र त्याने त्या मातीविषयी उपयोगी पडेल असे काही सांगायला हवे.

यीट्स यांनी ते सांगितले, आणि कुतूहलाची बाजू न सोडता सांगितले, म्हणून मला त्यांचे मोल वाटते. पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळांवर जगणाऱ्या पुटीकारक सूत्रकृमीवर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. कार्बनच्या किरणोत्सारी समस्थानिकाने खूण करून त्यांनी वनस्पतीने घेतलेल्या कार्बनचा माग काढला. सूत्रकृमींची लागण झालेल्या मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवांमध्ये अधिक कार्बन पोहोचतो, असे त्यातून दिसले. ज्याला आपण फक्त नुकसान करणारा म्हणून ओळखतो, तो मुळातून झिरपणाऱ्या अन्नाचा ओघ बदलून मातीतील सगळ्या जीवसृष्टीवर परिणाम करतो. हा निष्कर्ष काढायला किडीचेही ज्ञान लागते आणि मातीचेही. त्यामुळे किडीचा भाग सोडून अभ्यास करता येईल का, या तुमच्या प्रश्नावर माझे मत असे आहे की तो भाग सोडू नये. पिकांवरील सूत्रकृमींच्या दाराने आत यावे आणि मातीचा प्रश्न आपल्याबरोबर आत न्यावा.

तुम्ही रोज उघडता त्या १९९३ च्या मांडणीविषयी थोडे लिहितो, कारण तिच्यामागची दृष्टी समजली तर तुमच्या प्रकल्पाला अर्थ येईल. तिच्यात आहाराचे आठ प्रकार केलेले आहेत: वनस्पती खाणारे, बुरशीचे तंतू शोषणारे, जिवाणू खाणारे, भोवतालच्या पदार्थासकट गिळणारे, इतर प्राण्यांची शिकार करणारे, एकपेशीय सजीव खाणारे, प्राण्यांवरील परजीवींच्या मातीत आढळणाऱ्या अवस्था आणि मिश्राहारी. सूत्रकृमीच्या तोंडाची ठेवण पाहून त्याच्या आहाराचा अंदाज येतो, हे या वर्गीकरणाचे बळ आहे. सुईसारखी पोकळ सूचिका असेल तर तो पेशी भोसकून रस शोषतो, तोंडाच्या पोकळीत ठळक दात असेल तर बहुधा शिकारी, आणि नुसती साधी नळी असेल तर बहुधा जिवाणूभक्षी. त्याच सुमारास, १९९० मध्ये, नेदरलँड्सचे टॉम बोंगर्स यांनी सूत्रकृमींच्या कुळांना १ ते ५ अशी श्रेणी दिली होती. श्रेणी १ मधील कुळे अन्न मिळताच भराभर वाढतात. श्रेणी ५ मधील सावकाश वाढतात, पिल्ले थोडी देतात आणि जमिनीत ढवळाढवळ झाली किंवा प्रदूषण आले की आधी नाहीशी होतात. या श्रेणींची भारित सरासरी म्हणजे परिपक्वता निर्देशांक. तुमच्या रस्त्याकडेच्या आळ्यांतील आणि खाडीलगतच्या जमिनीतील माती यांची तुलना करायला हा निर्देशांक उपयोगी पडेल, आणि त्यासाठी जातीपर्यंत पोहोचावे लागत नाही. कुळ नीट ओळखता आले तरी पुरते.

या शास्त्राला स्वतंत्र नाव मिळवून देणारे नेथन ऑगस्टस कॉब (१८५९–१९३२) यांचे आयुष्यही वडिलांना सांगण्याजोगे आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या कॉब यांनी जर्मनीतील येना येथे डॉक्टरेट मिळवली आणि ते ऑस्ट्रेलियात गेले. तिथे शासनाचे वनस्पती रोगतज्ज्ञ म्हणून काम करताना गव्हाच्या तांबेऱ्याची तीव्रता मोजण्याची पट्टी त्यांनी तयार केली, आणि तिची सुधारित आवृत्ती आपल्याकडचे गहू संशोधक आजही वापरतात. नंतर हवाईतील ऊस आणि मग अमेरिकेच्या कृषी खात्यातील काम, अशी त्यांची वाटचाल झाली. नोकरी पिकांची होती, आणि तिच्या आधारानेच त्यांनी गोड्या पाण्यातील, समुद्रातील आणि मातीतील असंख्य सूत्रकृमींची वर्णने केली. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवरील ज्या सूत्रकृमीमुळे संत्र्याची झाडे हळूहळू खंगतात, त्याला शास्त्रीय नाव १९१३ मध्ये त्यांनीच दिले.

आपल्या देशातील इतिहासही लहान नाही. चहाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची नोंद बार्बर यांनी १९०१ मध्ये दक्षिण भारतातून केली आणि बंगालमधील भाताच्या उफ्रा रोगाचे कारण सूत्रकृमी आहे हे बटलर यांनी १९१३ मध्ये दाखवले. १९६१ मध्ये निलगिरीत बटाट्यावरील पुटीकारक सूत्रकृमी आढळल्यानंतर या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि १९६९ मध्ये देशातील सूत्रकृमी अभ्यासकांची संस्था स्थापन झाली. शेतीबाहेरच्या सूत्रकृमींचा, म्हणजे तुमच्या आवडीचा अभ्यास अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात रुजला. तिथले मोहम्मद शमीम जयराजपुरी यांनी शिकारी आणि मिश्राहारी सूत्रकृमींच्या गटांवर मूलभूत काम केले, ते भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि पुढे हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही झाले. ते तुमच्याप्रमाणेच प्राणिशास्त्राच्या वाटेने या विषयात आले होते, हे घरी अवश्य सांगा.

आता रोजच्या कामाविषयी. या कामाचा फार मोठा भाग मान खाली घालून बसण्याचा आहे. माती गोळा करण्याचे दिवस थोडे, चाळण्यांतून धुण्याचे त्याहून जास्त आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसण्याचे सर्वांत जास्त असतात. एक-दोन मिलिमीटरपर्यंतचा पारदर्शक प्राणी गरम स्थिरीकारकात मारणे, हळूहळू ग्लिसरिनमध्ये नेणे, स्लाइडवर योग्य बाजूने ठेवणे आणि मग त्याच्या लांबी-रुंदीची गुणोत्तरे काढणे यासाठी हात स्थिर लागतो आणि चिकाटी लागते. ज्यांना हे कंटाळवाणे वाटते त्यांनी या क्षेत्रात येऊ नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगत असे. तुम्ही मोजण्यापर्यंत आनंदाने पोहोचला आहात, म्हणजे मुख्य परीक्षा उत्तीर्ण झालेली आहे असे मी समजतो.

नोकऱ्यांचे चित्र मी आहे तसे सांगतो. फक्त सूत्रकृमी अभ्यासक अशी पदे थोडी आहेत आणि जाहिराती वर्षानुवर्षे न येण्याचे प्रकार घडतात. पदे आहेत ती कृषी संशोधन संस्थांत, कृषी विद्यापीठांत, प्राणी सर्वेक्षणात आणि महाविद्यालयांतील अध्यापनात. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या विषयाचे अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र आहे. डाळिंबावरील आणि पॉलिहाउसमधील पिकांवरील मुळगाठ सूत्रकृमी हे आपल्या राज्याचे मोठे दुखणे असल्यामुळे तिथे कामाला तोटा नाही. मुंबईत वनस्पती संगरोध केंद्र आहे, आणि परदेशातून येणाऱ्या रोपांबरोबर व मातीबरोबर कोणते सूत्रकृमी येतात हे तपासणाऱ्या माणसाची या बंदराच्या शहरात गरज आहे. याशिवाय जैविक कीडनियंत्रणाचे क्षेत्र वाढते आहे. उसातील हुमणी मारण्यासाठी जो हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हा सूत्रकृमी वापरतात, त्याचे वर्णन १९९२ मध्ये कोइम्बतूरजवळच्या उसाच्या शेतातील नमुन्यांवरूनच झाले. तो आपल्या आतड्यात जिवाणू बाळगतो, हुमणीच्या शरीरात शिरल्यावर ते जिवाणू सोडतो आणि अळी दोन-तीन दिवसांत मरते. अशी उत्पादने तयार करणाऱ्या कंपन्यांना दर्जा तपासणारे जाणकार लागतात. पीएच.डी.च्या काळातील पाठ्यवृत्तीही आता पूर्वीसारखी तुटपुंजी राहिलेली नाही: १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. मात्र भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या परीक्षांत कोणत्या पदासाठी प्राणिशास्त्राची पदवी चालते, हे प्रत्येक जाहिरात स्वतः वाचून तपासा. ऐकीव माहितीवर वर्ष घालवू नका.

वडिलांना आणखी एक विचारा. त्यांच्या पिढीला नारू आठवत असेल. पायातून हातभर लांब कृमी बाहेर येत असे, तोही सूत्रकृमीच. तो पाण्यातील बारीक कवचधारी प्राण्यांतून पोटात जातो हे जीवनचक्र समजल्यावर पाणी गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे अशा उपायांनी त्याला हटवता आले, आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. त्या यशाच्या मुळाशी न दिसणारे कृमी पाहणारी माणसेच होती.

उत्तर : एलिगन्स_प्रयोगशाळा, कुलाबा

सरांच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. मी सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीवर पीएच.डी. केली असल्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी थोडे वेगळे सांगू इच्छितो.

जगात सर्वांत बारकाईने अभ्यासलेला प्राणी कोणता, तर तो हाच. पूर्ण वाढलेल्या उभयलिंगी कृमीच्या शरीरात जननपेशी सोडून ९५९ पेशी असतात, त्याच्या मज्जासंस्थेत ३०२ चेतापेशी असतात आणि प्रत्येक पेशी कोणत्या पेशीपासून निर्माण झाली हे माहीत आहे. सिडनी ब्रेनर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले, त्यावरील कामासाठी २००२ चे नोबेल पारितोषिक त्यांना, जॉन सल्स्टन यांना आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना मिळाले, आणि बहुपेशीय प्राण्यांमध्ये सर्वप्रथम, १९९८ मध्ये, त्याचाच संपूर्ण जीनोम वाचला गेला. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालते. परंतु या सगळ्याच्या आधी, १९०० साली, अल्जिअर्समध्ये ग्रंथपाल असलेल्या एमिल मोपा यांनी त्याचे वर्णन केले होते, हे आमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. सांगायचा मुद्दा असा की आमच्या प्रयोगशाळांत या प्राण्याच्या एकेका जनुकाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, आणि बाहेरच्या कुजलेल्या फळातून आणलेल्या दहा सूत्रकृमींपैकी एलिगन्सचे नातेवाईक कोणते हे सांगू शकणारे फारच थोडे आहेत. त्याला सर्रास मातीतील सूत्रकृमी म्हणतात, पण तो प्रत्यक्षात कुजणाऱ्या फळांत आणि खोडांत अधिक आढळतो, हेही रानातून तो गोळा करू लागल्यावरच कळले. म्हणून रानातील सूत्रकृमी ओळखणाऱ्या व्यक्तीला आमच्या क्षेत्रातही मान आहे.

माझे म्हणणे इतकेच की आधी हे आणि मग ते असा क्रम न ठेवता दोन्ही एकाच नमुन्यावर शिका. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या सूत्रकृमीचा डीएनए खराब होतो. त्यामुळे आज जो नमुना फक्त फॉर्मलिनमध्ये जाईल, त्यातून दोन वर्षांनी डीएनए मिळवणे फार अवघड होईल. डायमिथाइल सल्फॉक्साइड, ईडीटीए आणि संपृक्त मीठ यांचे द्रावण २००६ पासून सूत्रकृमी अभ्यासकांच्या वापरात आहे. त्यात शरीररचना आणि डीएनए दोन्ही बऱ्यापैकी टिकतात. प्रत्येक ठिकाणच्या मातीतून निघालेल्या सूत्रकृमींचे दोन भाग करून एक भाग त्यात ठेवा. पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत अर्ज केलात तर असा संग्रह तुमच्या अर्जाला वजन देईल.

त्याच वेळी डीएनएच्या मर्यादाही ध्यानात असू द्या. मातीतून थेट काढलेल्या डीएनएतील १८एस या, सजीव ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचे तुकडे वाचले तर कोण आहे हे बऱ्याच अंशी कळते, पण किती आहेत हे विश्वासाने सांगता येत नाही, कारण या जनुकाच्या प्रती प्रत्येक जातीत सारख्या नसतात आणि मोठ्या शरीराच्या एका कृमीत लहान शरीराच्या अनेकांहून अधिक पेशी असतात. शिवाय तुलनेसाठी असलेल्या नोंदींत उष्ण कटिबंधातील सूत्रकृमी कमी असतील, तर यंत्र तुम्हाला फक्त जवळचे नाव सुचवते. ते नाव बरोबर आहे का, हे शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागते. २०१९ मध्ये नेचर नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जगभरातील ६,७५९ नमुन्यांवरून मातीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील सूत्रकृमींची संख्या ४४० दशलक्ष महापद्मांच्या घरात काढली गेली, म्हणजे ४.४ गुणिले दहाचा विसावा घात. जमिनीवरील प्रत्येक पाच प्राण्यांपैकी चार सूत्रकृमी आहेत, असे त्यात म्हटले आहे. इतक्या मोठ्या कामाचा पायाही माणसांनी डोळ्यांनी मोजलेल्या आणि ओळखलेल्या नमुन्यांचा होता.

उत्तर : पानमळा, वसई

ताई, मी शास्त्रज्ञ नाही, वसईचा बागायतदार आहे. आमच्याकडे केळी आणि पानवेल अशी दोन्ही पिके आहेत. वेल पिवळी पडते, पाने लहान येतात, खत-पाणी वाढवले तरी सुधारणा होत नाही, आणि मूळ उपटून पाहिले की गाठीच गाठी दिसतात. यावर आम्ही निंबोळी पेंड घालतो आणि मधल्या जागेत झेंडू लावतो. झेंडूने काही वर्षी चांगला फरक पडतो आणि काही वर्षी जाणवत नाही, याचे कारण मला आजवर कोणी नीट सांगितलेले नाही.

तुम्ही रस्त्याकडेची आणि खाडीकाठची माती पाहता आहात, तर आमच्यासारख्यांच्या मळ्यातील मातीही पाहावी अशी माझी विनंती आहे. आमच्या तालुक्यात इमारती वाढत आहेत आणि पानमळे कमी होत आहेत. जे उरले आहेत त्यांच्या मातीत काय आहे, याची नोंद कुणीतरी करून ठेवावी असे मनापासून वाटते. माती परीक्षणाच्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू असतो. जिवंत काय आहे ते त्यात नसते. तुमच्या वडिलांनी विचारलेल्या पगाराच्या प्रश्नावर मी काय बोलणार, परंतु माझ्या मातीत चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे सांगणारे माणूस वसईत उपलब्ध असते तर त्याची फी मी आनंदाने दिली असती.

प्रतिसाद : प्राणिशास्त्र_विद्यार्थिनी, डोंबिवली

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सरांचे उत्तर मी काल रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवले. नारूचा उल्लेख आला तेव्हा वडिलांनी त्यांच्या गावच्या विहिरीविषयी बरेच सांगितले. दादा, तुमच्या मळ्यातील माती पाहायला मला नक्कीच आवडेल. मॅडमशी बोलून कळवते.

सर, दोन गोष्टी आणखी विचारते. झेंडूचा परिणाम एखाद्या वर्षी का दिसत नसावा? आणि मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे चार महिने माती पाण्याने भरलेली आणि उरलेले महिने कोरडी असते, तिथे नमुने केव्हा घ्यावेत? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील मातीशी तुलना करण्याचाही विचार आहे.

उत्तर : निवृत्त_कृषी_संशोधक, मुलुंड

झेंडूविषयी आधी लिहितो, कारण वसईच्या बागायतदारांचा प्रश्न संशोधनाच्या दृष्टीनेही उत्तम आहे. झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथायनिल नावाचे संयुग असते आणि ते सूत्रकृमींना घातक आहे. मात्र त्याचा प्रभाव मुळांच्या आत आणि मुळांच्या अगदी निकट असतो. दोन ओळींच्या मध्ये चार झाडे लावली म्हणून संपूर्ण वाफा शुद्ध होत नाही. झेंडू पुरेसा दाट आणि काही महिने जमिनीत राहायला हवा. दुसरे असे की सूत्रकृमीची जात आणि झेंडूची जात यांची जोडी जुळावी लागते. मुळांत जखमा करणाऱ्या सूत्रकृमींवर झेंडूचा परिणाम चांगला दिसतो, मुळगाठ सूत्रकृमींच्या काही जातींवर तो कमी असतो. तेव्हा मळ्यात नेमकी कोणती जात आहे हे ओळखल्याशिवाय झेंडूला यश किंवा अपयश देता येत नाही. ताई, तुमच्या ओळखण्याच्या कौशल्याला शेतकरी फी देईल तो इथे.

गाठी पाहताना एक काळजी घ्या. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात आणि त्या नखाने सहज सुटून येतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते. ती सुटत नाही, मूळ तुटते. ती चिरून पाहिलीत तर आत मोत्यासारखी पांढरी मादी दिसेल.

आता ऋतूंविषयी. सूत्रकृमी मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात राहतात. माती वाळू लागली की त्यांतील अनेक जाती शरीरातील पाणी घालवून, ट्रेहलोज नावाची शर्करा साठवून, जवळजवळ निर्जीव वाटणाऱ्या अवस्थेत जातात आणि ओल मिळताच पुन्हा हालचाल करू लागतात. बेअरमन फनेलमध्ये मात्र जो हालचाल करतो तोच खाली उतरतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत कोरडी माती थेट फनेलवर ठेवली, तर संख्या फार कमी येईल आणि सूत्रकृमी नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघेल. उन्हाळ्यातील माती आधी हळूहळू ओली करून एक-दोन दिवस ठेवावी आणि ती कशी व किती वेळ ओली केली हे लिहून ठेवावे. भर पावसाळ्यात, माती पाण्याने तुडुंब असताना, प्राणवायू कमी पडतो आणि समूहाची रचना बदलते. तो बदलही अभ्यासण्यासारखा आहे, पण त्याची तुलना हिवाळ्याच्या नमुन्याशी करताना ओलाव्याचा आकडा जवळ हवा. माझ्या मते पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ पहिल्या तुलनेसाठी सर्वांत सोयीचा आहे.

खाडीलगतच्या मातीसाठी वेगळी तयारी ठेवा. तिवरांच्या चिखलात समुद्री वंशाचे सूत्रकृमी भेटतील, आणि यीट्स यांच्या यादीतील पुष्कळ कुळे तिथे उपयोगी पडणार नाहीत. त्या नमुन्यांचा हिशेब बाग आणि रस्ता यांच्याबरोबर एकाच तक्त्यात मांडू नका.

राष्ट्रीय उद्यानातून मूठभर मातीही वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय आणू नका. अर्ज महाविद्यालयाच्या मार्फत करा आणि त्यात किती ठिकाणांहून, किती वजनाची माती, कोणत्या काळात हवी हे स्पष्ट लिहा. परवानगीला वेळ लागतो. तोवर वसईचा पानमळा तुमच्यासाठी खुला आहे, आणि मला तो उद्यानाहून कमी महत्त्वाचा वाटत नाही.

राहिला प्रश्न ओळखण्याचा. सुरुवातीला जातीच्या मागे लागू नका. आधी तोंडाची पोकळी, मग अन्ननलिकेचा आकार, मग शेपूट, या क्रमाने पाहा आणि प्रत्येक वेळी पेन्सिलीने चित्र काढा. छायाचित्र घेतले असले तरी चित्र काढा, कारण चित्र काढताना जे पाहावे लागते ते छायाचित्र घेताना पाहिले जात नाही. एकूण लांबीला सर्वाधिक रुंदीने, अन्ननलिकेच्या लांबीने आणि शेपटीच्या लांबीने भागून येणारी डच सूत्रकृमी अभ्यासक डी मान यांची तीन गुणोत्तरे पहिल्या दिवसापासून लिहीत जा. अडलेल्या स्लाइड घेऊन मुलुंडला या, माझ्याकडे जुना पण चांगला सूक्ष्मदर्शक आहे. येताना वडिलांनाही घेऊन या, आणि प्रत्येक नमुन्याच्या कोरड्या मातीचे वजन नोंदवलेली वही आणा. शंभर ग्रॅम ओल्या मातीमागे मोजलेली संख्या दुसऱ्या कोणत्याही कामाशी ताडता येत नाही.